बरणीचं झाकण आणि बारा गाड्या

रंगनाथच्या घरी चहा पाहिजे असेल तर आधी बरणीचं झाकण उघडावं लागायचं.

खोटं सांगत नाही. रंगनाथ म्हणजे माझा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. आमच्यापासून तिसरं घर. त्याच्या ओसरीतल्या फळीवर एक काचेची बरणी असायची, पत्र्याच्या फिरकीच्या झाकणाची. आत लिंबाचं लोणचं. माणूस आला, बसला, पाणी प्याला की रंगनाथ ती बरणी त्याच्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, "उघडा."

झाकण त्यानं स्वतः पिळून बसवलेलं. पाहुणा आधी हसत हसत पिळायचा. मग दात खाऊन पिळायचा. मग उपरण्यात धरून पिळायचा. रंगनाथ समोर उकिडवा बसून डॉक्टर नाडी बघतो तसा बघायचा. झाकण उघडलं तर म्हणायचा, "टार्क हाय माणसाला," आणि चहा टाकायचा. नाही उघडलं तरी टाकायचा, पण कप अर्धा.

आमच्या तलाठ्यानं पाच वर्षं त्याच्याकडं अर्धा कप चहा घेतला. हेडमास्तरानं अर्धा. एकदा निवडणुकीला उभा राहिलेला एकजण पंधरा माणसं घेऊन मत मागायला आल्ता. पंधरा जणांनी मिळून बरणी फिरवली, झाकण काही हललं नाही. रंगनाथ म्हणाला, "बरणी उघडंना, हा धरणाची दारं काय उघडील?" ती गोष्ट राजूरच्या बाजारापर्यंत गेली. तो माणूस पडला. बरणीमुळं पडला असं मी म्हणत नाही, पण पडला.

हा टार्क काय प्रकार आहे ते सांगतो, कारण त्याच्याशिवाय रंगनाथ समजायचा नाही. मी चौथी शिकलेला माणूस. मला कळलं म्हणजे कुणालाही कळेल.

रंगनाथकडं पस्तीस हॉर्सपावरचा जुना ट्रॅक्टर होता. नांगरणी तो करायचा, पण त्याचं खरं नाव टोचनात. टोचन म्हणजे अडकलेल्या गाडीला साखळी लावून ओढून काढणं. आमच्याकडची काळी माती, पाणी पडलं की गाडीचं चाक गिळते. कापसाचा ट्रक रुतला, जीप नाल्यात बसली की जाफराबादपासून भोकरदनपर्यंत लोक म्हणायचे, रंगनाथला बोलवा. एकदा जालन्याला ट्रॅक्टर कंपनीचा मेळावा होता. तिथल्या इंजिनिअरनं ह्याला टार्क समजावून सांगितला. बुंदीचं पाकीट पण दिलं होतं. पाकीट ह्यानं तिथंच खाल्लं, टार्क घरी आणला.

त्याच दिवशी माझ्या अंगणात पाना आपटत मला म्हणाला, "दाजी, इंजनाला दोन गुण असत्यात. एक घोडे, एक टार्क. घोडे म्हणजे काम किती जल्दी उरकलं. आन टार्क म्हणजे पिळायचा जोर. आता बघा, चाकाचा नट जाम झालाय. तुम्ही पाना लावला. हलंना. मंग पान्याच्या दांडीला हातभर पाईप चढवला. हलला! माणूस तोच, हात तोच, नट तोच. वाढलं काय?"

"पाईप," मी म्हणालो.

"टार्क वाढला, टार्क! आन लो गेर म्हणजे काय? इंजनाला लावलेला पाईपच की. चाल जाती, जोर येतो. घोडा पळतो, दाजी. बैल ओढतो. पण कंपनीवाले घोडे मोजून इकत्यात. बैल कोणीच मोजत न्हाई."

त्या दिवसापासून सगळं जग त्यानं दोन ढिगांत वाटून टाकलं. घोडेवाले आणि बैलवाले. कुणी नवी गाडी घेतली आणि सांगायला लागला की इतक्या पावरची आहे, तर हा हात वर करून थांबवायचा. "घोडे नका सांगू. बैल सांगा." गावात कीर्तन झालं. लोक म्हणाले, बुवा छान बोलले. हा म्हणाला, "घोडे लई. चढाला बसले." हेडमास्तर तीनदा बदली होऊन तीनदा परत आला, तर त्याला "रिव्हर्स गेर" म्हणायचा. मला काय म्हणायचा ते मी एकदा विचारलं. म्हणाला, "दाजी, तुम्ही न्यूट्रल."

एष्टीत ह्याला शेजारी घेऊन बसायची सोय नव्हती. बस घाटाला लागली की हा डोळे मिटून इंजनाचा आवाज ऐकायचा, आणि मागच्या सीटवरून वरडायचा, "उतरव! गेर उतरव! मरून राह्यलं इंजन!" एका ड्रायव्हरनं गाडी थांबवली, खाली उतरला, मागं आला, आणि म्हणाला, "काका, या. तुम्हीच चालवा." रंगनाथ खरोखर उठला. मी त्याचं धोतर धरून ठेवलं म्हणून वाचलो.

लग्न त्याचं झालंच नाही. एकच स्थळ बघितलं, परतूरकडचं. मी बरोबर होतो. पोहे आले, पोरगी आली, आता विचारा म्हणाले. ह्यानं पोरीच्या बापाला विचारलं, "भरली घागर घेऊन चढ चढती का? आन मधी थांबती का सलग चढती?" पोरीच्या बापानं आमचे जोडे स्वतः आणून दिले. वाटेत हा मला म्हणाला, "दाजी, सवाल काय चुकला?" मी खाली वाकून जोड्यातला खडा काढला. न्यूट्रल होतो.

ह्या सगळ्यात त्याच्यापुढं टिकणारं माणूस एकच होतं. माझी बायको, कौसल्या. ती भावाकडं गेली की तो बरणी द्यायचा. ती बोलत बोलत, त्याच्याकडं न बघता, एका पिळात झाकण काढायची. आयुष्यभर जातं ओढलेलं, म्हशी पिळलेल्या, पाण्यात भिजलेली धोतरं पिळलेली. मनगट माझ्यापेक्षा बारीक, पण काय जोर! आणि परत बसवताना ती अशी बसवायची की मग रंगनाथला दोन्ही गुडघ्यांत बरणी धरून बसावं लागायचं. "अक्का," तो म्हणायचा, "कंपनीवाल्यांनी तुला बघायला पायजे होतं." ती म्हणायची, "गप. चहा टाक. पूर्ण कप."

इतकं प्रेम. पण एक गोष्ट होती. बहिणीला त्यानं आपल्या ट्रॉलीत पुष्कळ वर्षं बसू दिलं नाही. सगळं गाव त्याच्या ट्रॉलीत बसून बाजाराला जायचं, लग्नाला जायचं. कौसल्या पाय उचलायला लागली की हा ट्रॅक्टर बंद करायचा. "अक्का, तू एष्टीनं ये." लोकांना वाटायचं, हा पण एक चक्रमपणा. मला माहीत होतं काय ते.

जालना जिल्हा झाला त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. रंगनाथ तेव्हा जीप चालवायचा, जाफराबादची वडाप, भाड्यानं माणसं वाहायची. पळवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, तेव्हा तो स्वतः नंबर एकचा घोडेवाला. कौसल्याला दिवस भरायच्या आधी कळा सुरू झाल्या. रंगनाथनं जीप काढली. मी आणि ती मागं. नाल्याच्या उतारावर जीप काळ्या मातीत बसली. हा घाबरला. हळू निघाली असती, पण ह्यानं पाय दाबला. चाक गरगर फिरलं, चिखल उडाला, जीप आणखी खाली. परत दाबला. आणखी खाली. शेवटी एका म्हाताऱ्यानं बैलजोडी आणून लावली. बैलांनी माना खाली घातल्या आणि कसली घाई न करता जीप बाहेर काढली. तोवर उशीर झाला होता. मुलगा होता. आमचं पहिलं आणि शेवटचं.

कौसल्या भावाला एक शब्द बोलली नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. मी बोललो. पुष्कळ बोललो. ते जाऊ द्या. रंगनाथनं महिन्याभरात जीप विकली आणि वर्षानं हा ट्रॅक्टर आणला. पुढं टार्कचं वेड कुठून आलं, लोक विचारायचे. इंजिनिअरनं लावलं म्हणायचा. इंजिनिअरनं फक्त नाव सांगितलं.

आता जत्रेचं सांगतो.

आमच्या गावात चैतात खंडोबाची जत्रा असते आणि बारा गाड्या ओढतात. बारा बैलगाड्या, बैल सोडलेल्या, एकीमागं एक साखळीनं बांधायच्या. त्याच्यात माणसं गच्च भरायची. आणि त्या बाराच्या बारा गाड्या देवाचा भगत, एकटा माणूस, वेशीपासून देवळापर्यंत ओढतो. खरं सांगायचं तर मागून निम्मं गाव ढकलतं, पण ते बोलायचं नसतं. त्यासाठी भगत पाच दिवस निरंकार उपास धरतो, घोंगडीवर झोपतो, अंगाला हळद लावतो.

त्या वर्षी जत्रेला आठ दिवस राहिले आणि भगत माळवदावरून पडून पाय मोडून बसला. दुसरं कोणी पुढं येईना. पारावर बैठक बसली. रंगनाथ उभा राहिला आणि म्हणाला, "मी ओढतो. टॅक्टरनं."

मोठा गलका झाला. देवाला डिझेल चालतं का? खंडोबाच्या गाडीला लोखंडी भगत? पुजारी गणपतअप्पा डोळे मिटून बसले होते. रंगनाथ त्यांना म्हणाला, "अप्पा, देवाम्होरं नंदी चालतो का न्हाई? टॅक्टर बैलाच्याच जागी आल्ता ना? मंग नंदीच्याच घरचा झाला."

भास्कर पाटील उठला. त्याच्याकडं नवा कोरा पन्नास हॉर्सपावरचा ट्रॅक्टर, अजून सीटवरचं प्लॅस्टिक काढलेलं नव्हतं. "ओढायचंच तर माझा ओढील. पन्नास घोडे हायेत! ह्याचं पस्तीसचं डबडं चढावर बसलं तर गावाची इज्जत काय राहील?"

"घोडे लग्नात नाचवा, पाटील," रंगनाथ म्हणाला. "हितं बैल पायजे."

गणपतअप्पांनी डोळे उघडले. "भगताचा नेम कोण पाळतो? पाच दिवस उपास, मटण बंद."

पाटील खाली बसला. रंगनाथचं ठरलं.

आता मेख अशी, की नेम भगताला. आणि भगत कोण? ड्रायव्हर का ट्रॅक्टर? ह्याच्यावर गाव दोन तास भांडलं आणि निकाल लागला की दोघंही. रंगनाथ म्हणाला, "बराबर हाय." दुसऱ्या दिवशी त्यानं ट्रॅक्टर धुतला, हळद फासली, देवळामागं चार चाकांखाली चार घोंगड्या अंथरून त्याच्यावर उभा केला, आणि टाकीतलं डिझेल शेवटच्या थेंबापर्यंत काढून टाकलं.

मी म्हणालो, "अरे, चालू करू नको म्हणजे झालं. टाकी कशाला मोकळी करतो? लाईनीत हवा धरंल."

"दाजी, पोटात भाकर ठेवून उपास होतो का?"

हे बोलणारा माणूस पंचक्रोशीत सगळ्यात चांगला मेस्त्री होता. हवा धरली की इंजन चालू होत नाही हे त्याला झोपेत माहीत होतं. पण उपास म्हणजे उपास. स्वतः पण पाण्यावर राहिला. पाच दिवस दोघं शेजारी शेजारी उपाशी, एक घोंगडीवर आडवा, एक घोंगडीवर उभा.

जत्रेच्या दिवशी दुपारी काय गर्दी! राजूरचे लोक, जाफराबादचे लोक, झाडांवर माणसं, पत्र्यांवर माणसं. बारा गाड्या लागल्या. त्याच्यात दोनशे माणूस चढलं. भंडारा उधळला, हलगी कडाडली. रंगनाथनं डिझेल ओतलं, सीटवर बसला, हात जोडले, स्टार्टर मारला.

कुर्र. कुर्र. कुर्र.

परत मारला. कुर्र. काही नाही.

"हवा धरली," तो म्हणाला आणि माझ्याकडं बघायचं त्यानं टाळलं.

हवा काढणं म्हणजे पंपाजवळचा नट ढिला करायचा, हातानं पंप मारत बसायचं, बुडबुडे जाऊन निव्वळ डिझेल येईपर्यंत. वेळ लागतो. आणि हजारो माणूस शिट्ट्या मारायला लागलं की जास्त वेळ लागतो. "भगताला चक्कर आली!" "भगताला लिंबू-पाणी द्या!" पाच दिवसांचा उपाशी माणूस, हळदीनं पिवळा, हाताला डिझेल, पंप मारून राह्यला.

भास्कर पाटलानं संधी साधली. आपला पन्नास घोड्यांचा ट्रॅक्टर रिव्हर्स घेत आणला आणि पहिल्या गाडीला साखळी लावली. गणपतअप्पा नाही नाही म्हणेपर्यंत तो सीटवर बसला होता.

रंगनाथ पंप सोडून वरडला, "पाटील, आधी ढील काढा! साखळ्या ताणून घ्या! एकदम सोडू नका, मागच्याला हिसका बसंल!"

पाटलानं रेस वाढवली. इंजन किंचाळलं. आणि त्यानं क्लच सोडला.

त्याच्या पुढच्या चाकांनी जमीन सोडली. पहिली गाडी उडी मारून पुढं आली. मग खाड्! दुसरी. खाड्! तिसरी. प्रत्येक साखळीची ढील मागच्याच्या अंगावर, आवाज वाढत वाढत मागं गेला, आणि आठव्या-नवव्याच्या मधली साखळी तुटून कोरड्या वावरात जाऊन पडली. मागच्या गाड्यांतली सगळी माणसं पाय वर करून उताणी. एका म्हाताऱ्याच्या डब्यातल्या रेवड्या भंडाऱ्यासारख्या उधळल्या. कुणाचा गुडघा फुटला, कुणाचा ओठ. जिवावरचं काही झालं नाही. पण दोनशे माणूस असं खाली उतरलं, जसं गाड्यांना आग लागली. पाटलानं साखळी सोडली, ट्रॅक्टर बाजूला लावला आणि गर्दीत दिसेनासा झाला.

आणि नेमका तेव्हा रंगनाथचा ट्रॅक्टर खोकला, आणि चालू झाला.

पण आता गाड्यांत बसायला कोणी तयार नाही. रंगनाथ म्हणाला, "रिकाम्या ओढतो." अप्पा म्हणाले, "रिकाम्या गाड्या देव कशाला घेईल?"

तेवढ्यात बायकांच्या गर्दीतून कौसल्या निघाली. हातात पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या. सरळ चालत गेली, गाड्या मोजत, आणि बाराव्या गाडीत चढून बसली. शेवटच्या. जिथं हिसका सगळ्यात मोठा बसतो तिथं. तांब्या तळहातावर धरला.

रंगनाथ ट्रॅक्टरवरून उडी मारून पळत आला. त्याला पळताना मी आयुष्यात तेव्हाच बघितलं.

"अक्का, उतर."

"न्हाई उतरत."

"मंग मी ओढत न्हाई."

"नको ओढू. बसते मी हितंच. भाकरी धाड सांजच्याला."

"अक्का, काहून असं करून राह्यली? दुसऱ्या कुणाला बशीव. शेवटची गाडी हाय ही."

"म्हाईत हाय शेवटची." तिनं आवाज खाली केला. मी शेजारी होतो म्हणून ऐकलं. "रंगनाथा, बारा वर्सं मी एष्टीनं फिरून राह्यले. तू त्या दिवशी काय केलं ते मी बघितलं. आज काय करतो ते बघू दे. ह्या तांब्यातलं पाणी सांडलं न्हाई पायजे. जा."

तो वळला. चालत गेला, लो गेरमध्ये.

मी तिच्या शेजारी चढलो. दुसरं काय करणार? मग मोडक्या पायाचा भगत म्हणाला, मला पण बसवा. पोरांनी तुटलेल्या जागी दुसरी साखळी बांधली, पुढं रंगनाथचा ट्रॅक्टर लावला, आणि एक एक करत गाड्या परत भरल्या.

रंगनाथनं सगळ्यात खालचा गेर टाकला. मागच्या टायरांत त्यानं आधीच पाणी भरून ठेवलं होतं, चाकानं जमीन धरावी म्हणून. क्लच इतका हळू सोडला की ट्रॅक्टर हलला का नाही ते कळेना. मग खट्. पहिली साखळी ताणली. कोणीतरी म्हणालं, "एक." थांबल्यासारखं झालं. खट्. "दोन." आता दहा जण म्हणाले. खट्. "तीन." आता सगळी गर्दी. चार! पाच! ट्रॅक्टर मुंगीच्या पावलानं सरकतोय, आणि साखळ्या एकेक करून जाग्या होतायत. नऊ! दहा! अकरा! मी तांब्याकडं बघत होतो. कौसल्या भावाच्या पाठीकडं बघत होती.

"बारा!"

आमची गाडी निघाली. पाळणा हलवावा तशी निघाली. आईशप्पथ, पाण्याला सुरकुती पडली नाही.

येळकोट येळकोट! हलगी वेडी झाली. बाया ओरडून राहिल्या, पोरं झाडांवरून पडायची बाकी. देवळाजवळ शेवटचा चढ आला आणि इंजनाचा आवाज बसत गेला. धक्... धक्... धक्... नळकांड्यातून काळा धूर. भास्कर पाटील कुठूनतरी परत उगवला होता, तो वरडला, "मेलं! मेलं इंजन! रेस दे!"

रंगनाथचा पाय हलला नाही. तो मला नेहमी सांगायचा, दाजी, इंजन मरायला आलं की तवाच खरं पिळतं, तवा घाबरायचं नस्तंय. धक्... धक्... वाटायचं आता पुढचा धक् येणार नाही. आणि यायचा. चाक गरगरलं नाही. माती उडाली नाही. पस्तीस घोडे का किती बैल ते देवाला माहीत, पण माना खाली घालून चढले. बाराच्या बारा गाड्या देवळाच्या पायरीला लागल्या.

मी "येळकोट" म्हणून उडी मारली आणि माझं कोपर कौसल्याला लागून चार थेंब सांडले. म्हणजे त्या दिवशी पाणी सांडलं ते माझ्यामुळं. रंगनाथनं एक थेंब सांडला नाही, हे इथं लिहून ठेवतो.

तो धावत आला नाही. ट्रॅक्टर बंद केला आणि स्टेअरिंगवर डोकं ठेवून बसला. कौसल्या उतरली, गेली, तांब्या त्याच्या तोंडाला लावला. "पी. सुटला उपास." तो घटाघटा प्याला. हळदीवरून पाण्याचे ओघळ गेले. त्यातले पाण्याचे किती आणि दुसरे किती ते मी विचारलं नाही.

मग खाली वाकून आपल्या कपाळाचं कुंकू तिनं अंगठ्यानं ट्रॅक्टरला लावलं, आणि म्हणाली, "अरे, पाटलानं हळू सोडला असता तर त्याच्या पन्नासनं बी वढलं असतं की."

"वढलं असतं," रंगनाथ म्हणाला. "लई सोप्यात. पण त्यानं हळू सोडला न्हाई, अक्का. मी बी सोडला नव्हता."

त्या दिवसापासून कौसल्याची एष्टी बंद. चतुर्थीला राजूरच्या गणपतीला, लग्नाला, दवाखान्याला, रंगनाथची ट्रॉली. ट्रॉलीत गादी, गादीवर कौसल्या, आणि ट्रॅक्टर खालच्या गेरमध्ये. आम्हाला सायकलवाले मागं टाकायचे. एकदा मेंढरांचा कळप पुढं निघून गेला. कौसल्या वरडायची, "रंगनाथा, दर्शन बंद होईल! टाक की वरचा गेर!" तो मागं वळून म्हणायचा, "झटका बसला का?" "न्हाई रे बाबा, झोप बसली!"

अशी पंचवीस-तीस वर्षं गेली. मागच्या पौषात कौसल्या गेली. तिलाही त्यानं त्याच ट्रॉलीतून नेलं, त्याच गादीवर, त्याच गेरमध्ये. मी शेजारी बसलो होतो. मसणवट्यापाशी त्यानं सवयीनं मागं वळून बघितलं. तोंड उघडलं होतं विचारायला. मग मिटलं.

आता रंगनाथ सत्तरीकडं आलाय, मी त्याच्या पुढं. तो रोज दुपारी माझ्याकडं येतो. स्वतःच्या ओसरीतली बरणी त्यानं काढून टाकली. आता तलाठ्याला पण पूर्ण कप मिळतो, तलाठ्याला त्याची भीती वाटते म्हणतात.

मागच्या आठवड्यात भाकरीबरोबर काही नव्हतं. फळीवर कौसल्यानं शेवटच्या उन्हाळ्यात घातलेलं कैरीचं लोणचं होतं, एकच बरणी राहिली होती. मी पिळून बघितली. माझ्या मनगटात आता काही राहिलं नाही. दुपारी रंगनाथ आला, बसला, पाणी प्याला. मी ती बरणी त्याच्या हातात दिली आणि म्हणालो, "उघड."

तो हसला. बरणी मांडीवर धरली, झाकणावर पंजा ठेवला. ट्रकच्या चाकाचे नट सोडणारा पंजा. दंडाच्या शिरा उभ्या राहिल्या. मग पंजा तसाच राहिला. बराच वेळ. मग त्यानं हात काढून घेतला.

"उघडत न्हाई, दाजी."

"खोटं बोलू नको. तू जोरच लावला न्हाई."

त्यानं झाकणावरून बोट फिरवलं, गोल, एकदा.

"हे कोणी बसिवलं?"

"तिनंच. दुसरं कोण?"

"मंग त्याच्यात पीळ तिचा हाय. अजून धरून हाय." त्यानं बरणी मला परत दिली. "मी सोडिवला की गेला."

मी बरणी फळीवर होती तिथं ठेवली. भाकरी मिठाशी खाल्ली, दोघांनी. मग तो उठला, चुलीपाशी गेला, आणि चहा टाकला.

दोघांना अर्धा अर्धा कप.